‘मुलगी पाहिजे, वय 18 ते 25’ असं लिहिलं आणि कोणी आलंच नाही

पत्र:

ताई, माझं गुहागर ते वेळणेश्वर पट्ट्यात 12 खोल्यांचं लॉज आहे, खाली खाणावळ आणि छोटी परमिट रूम. सीझनला 14 माणसं लागतात. दिवाळीआधी मी पेपरात आणि तालुक्यातल्या पाच-सहा व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकलेली. ती अशी: ‘पाहिजेत. रिसेप्शनसाठी मुलगी, वय 18 ते 25, अविवाहित, दिसायला स्मार्ट, फाडफाड इंग्रजी. सर्व्हिससाठी मुलगे, निर्व्यसनी, रात्रंदिवस राबण्याची तयारी. आचारी, आपल्या समाजातील असल्यास प्राधान्य. पगार समक्ष. फोटो व बायोडाटा व्हॉट्सॲप करा.’ तीन आठवड्यांत रिसेप्शनसाठी चार फोन आले, त्यातले दोन मुलींच्या भावांचे. शेवटी ओळखीने ठाण्याहून एक मुलगी आणली ती दीड महिन्यात गेली. आत्ता शिमग्याला सगळे घरी जमलेले तेव्हा चुलतवहिनी सहज बोलून गेली की मी बघितलेली तुमची जाहिरात, पण माझं वय 36, लग्न झालेलं, म्हणून फोन नाही केला. ही वहिनी शृंगारतळीला एका पतसंस्थेत आठ वर्षं काउंटरला होती, हिशोब तोंडपाठ. मला खूप वाईट वाटलं. त्यात पुतणी लॉ करते, ती सगळ्यांसमोर म्हणाली की काका तुमची जाहिरातच बेकायदेशीर आहे, आणि ‘आपल्या समाजातील’ म्हणजे काय हो? माझं म्हणणं एवढंच की धंदा माझा, पैसे माझे, सगळेच असं लिहितात आणि स्थानिक पोरं तशीही कामाला येत नाहीत. आता मे महिन्यासाठी परत जाहिरात द्यायची आहे. काय लिहू?

उत्तर:

दादा, तुम्हाला पुतणीचं बोलणं लागलंय हे दिसतंय पण मला वहिनीचं ते एक वाक्य सोडवत नाहीये. फोन नाही केला. बघा हं, तुम्ही तिला नाही म्हणालात का, नाही. तुम्हाला तर माहीतही नव्हतं की तिला नोकरी हवीय. नाही म्हणाली ती जाहिरात, आणि तीसुद्धा तुमच्या माघारी, तिच्या स्वयंपाकघरात, मोबाईल हातात असताना. शिमग्याला पालखी घरी आली नसती आणि सगळे जमले नसते तर तुम्हाला हे जन्मात कळलं नसतं. आणि वहिनी तरी घरातली, म्हणून बोलली. गुहागर, पालशेत, हेदवी, आबलोली या सगळ्या भागात ती जाहिरात वाचून अशाच गप्प बसलेल्या किती जणी असतील त्यांचा हिशोब कुठेच नाही. समोर बसवून एखाद्याला नाकारलं तर निदान आपल्याला आठवण राहते, कधीतरी मनाला लागतं. जो आलाच नाही त्याचं काहीच राहत नाही, म्हणून तुम्ही म्हणताय की लोक येत नाहीत, आणि मी म्हणतेय की तुम्ही त्यांना येऊ नका असं लिहून कळवलंत.

मी हे ठामपणे बोलतेय कारण मी रत्नागिरीत बरीच वर्षं छोट्या जाहिरातींच्या काउंटरला बसलेय. लोक चिठ्ठीवर लिहून आणायचे, मी शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, पावती द्यायची. शब्दाला पैसे पडायचे म्हणून लोक कामाची माहिती कापायचे. वेळ काय, पगार किती, सुट्टी कधी, हे सगळं उडायचं. पण ‘मुलगी’, ‘अविवाहित’, ‘वय 25 पर्यंत’ हे शब्द कोणी कधी कापलेले मला आठवत नाहीत, पैसे देऊन ठेवायचे. आणि सकाळी काउंटरच्या बाकावर बसून फुकट पेपर वाचायला बायका यायच्या, बोट ओळीवर ठेवून वाचायच्या, ते बोट एका ठिकाणी थांबायचं आणि मग पेपर घडी करून परत ठेवायच्या. मी ते बघत होते आणि तरीही दुसऱ्या दिवशी तशीच जाहिरात घेत होते. एकदाही एखाद्या मालकाला विचारलं नाही की काका, हे कशाला हवंय. मला विचारता आलं असतं, ते विचारलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

यावर खरंच प्रयोग झालेत. 1973 साली सँड्रा बेम आणि डॅरिल बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने टेलिफोन कंपनीच्या जाहिराती शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना दाखवल्या. खांबावर चढून तारा जोडायचं काम होतं, तेव्हा ते पुरुषांचंच मानलं जायचं. जाहिरात नेहमीसारखी पुरुषी भाषेत होती तेव्हा त्या कामात रस दाखवणाऱ्या मुली साधारण 5 टक्के. तीच जाहिरात कोणालाही चालेल अशा भाषेत लिहिली तर 25 टक्के. आणि मुद्दाम बायकांना उद्देशून लिहिली तर 45 टक्के. काम तेच, खांब तोच, मुलीही तशाच, बदलले ते फक्त शब्द. त्याच वर्षी तिकडच्या सुप्रीम कोर्टाने पिट्सबर्गच्या एका पेपरच्या केसमध्ये ‘पुरुष पाहिजेत’ आणि ‘स्त्रिया पाहिजेत’ असे नोकऱ्यांचे वेगळे रकाने छापायला केलेली बंदी योग्य ठरवली. म्हणजे 50 वर्षांपूर्वीच हे कळलेलं होतं की जाहिरात नुसती जागा भरत नाही, कोणाला स्वतःची लायकी काय वाटावी हेसुद्धा ती ठरवते.

आता तुमच्या जाहिरातीतला मला सगळ्यात खटकलेला भाग सांगते आणि तो वयाचा नाहीये, फोटोचा आहे. दादा, जरा मुलीच्या आईच्या जागी बसून वाचा. अनोळखी नंबर, लॉज, परमिट रूम, ‘दिसायला स्मार्ट’, ‘अविवाहित’, ‘18 ते 25’, आणि पगाराचा आकडा नाही, कामाची वेळ नाही, फक्त फोटो पाठवा. तुमच्या स्वतःच्या पुतणीने असल्या नंबरवर फोटो पाठवला असता तर तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही सज्जन माणूस आहात हे मला पत्रावरून कळतंय पण जाहिरात वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, फक्त ते शब्द दिसतात. ते दोन भावांचे फोन आले ना, ते उगाच नाहीत आले, घरच्यांनी आधी भावाला पुढे केलं चौकशीला. ज्या घरात चौकशी करणारा भाऊ नाही त्या घरातून फोनच आला नाही. फोटोची ओळ पहिली काढून टाका. रिसेप्शनला बसणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही मुलाखतीला बघणारच आहात, त्याआधी तो तुमच्या मोबाईलमध्ये कशाला हवा.

आणि अविवाहित का? मला वाटतं तुमच्या डोक्यात असं असणार की लग्न झालेल्या बाईला घर, पोरं, सासूसासरे, तिला सुट्ट्या फार लागतील. पण मग ठाण्याची ती अविवाहित मुलगी दीड महिन्यात का गेली? तिचं इथे कोणी नाही, संध्याकाळी जायला जागा नाही, पावसाळ्यात तर इथे काही उरतच नाही. उलट तुमची वहिनी कुठे जाणार आहे? तिचं घर इथे आहे, पोरं इथल्या शाळेत आहेत. आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त, आणि ते कशामुळे हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पुरुष चाकरमानी, मुंबईला, आणि बायका इथे घर, शेत, म्हातारी माणसं सांभाळतायत. म्हणजे इथे कामाला माणूस मिळायचं तर ते बहुतेक बाईच असणार, आणि ती बहुतेक तिशी-चाळिशीतली, लग्न झालेली, पोरं जरा मोठी झालेली अशी असणार. तुम्ही नेमकी तीच वगळलीत आणि मग म्हणालात स्थानिक मिळत नाहीत.

हे फक्त तुमचं नाही हेही सांगते. आपल्या देशातल्या एका जॉब पोर्टलवरच्या लाखाहून जास्त जाहिराती अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या, त्यात असं निघालं की ज्या जाहिरातींत ‘स्त्री पाहिजे’ असं लिहिलेलं असतं तिथे पगार सरासरीने कमी असतो, आणि बायका अर्थातच तिथेच जास्त अर्ज करतात कारण तिथे त्यांना बोलावलेलं असतं. चीनमधल्या जाहिरातींवरही असा अभ्यास झालाय, 2013 चा, त्यात दिसलं की कामाला कौशल्य जितकं जास्त लागतं तितकं ‘बाईच पाहिजे’ ‘पुरुषच पाहिजे’ हे लिहिणं कमी होत जातं. मला तर आपल्या काजूच्या कारखान्यातच हे दिसतं, सोलायला बसलेल्या ओळीच्या ओळी बायकांच्या, आणि सुपरवायझर पाहिजे अशी पाटी लागली की त्यावर पुरुष. कोणी ठरवून बैठक घेऊन नाही केलं हे. पाटी तशी लागते आणि लोक पाटी वाचून आपापल्या जागी जाऊन बसतात.

पुतणीचं बरोबर आहे का, तर हो, बरोबर आहे. तुमची जाहिरात दिवाळीआधीची, तेव्हा 1976 चा समान वेतनाचा कायदा होता, त्यात एकसारख्या कामासाठी भरती करताना बायकांशी भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता लागू झालीय आणि तिथे तर भरतीत लिंगावरून भेदभाव नको असं आहे, म्हणजे सर्व्हिसला फक्त मुलगे हे जसं चुकीचं तसं रिसेप्शनला फक्त मुलगी हेही. ‘धंदा माझा’ हे खरं आहे दादा, पण गॅसचा सिलिंडर कुठे ठेवायचा यालाही नियम आहेतच ना, तसंच हे. वयाचं मात्र वेगळं आहे, खाजगी नोकरीत वयाची अट घालू नका असं सरळ सांगणारा कायदा नाही, तिथे तुम्हाला कोणी पकडणार नाही. पण कायदा पकडत नाही म्हणून 36 वर्षांची बाई हिशोबात कच्ची होते असंही नाही.

सर्व्हिसला फक्त मुलगे हे तुम्ही बहुतेक परमिट रूममुळे लिहिलं असणार, ते मी समजू शकते, रात्री गिऱ्हाइकं पितात, कोणी काही बोललं तर काय, ही काळजी खोटी नाहीये. पण नेमका हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात गेलेला. दिल्लीत 1914 चा एक जुना पंजाबचा दारूचा कायदा लागू होता, त्यात जिथे लोक बसून पितात तिथे बायकांना नोकरीला ठेवायला बंदी होती. अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन या केसमध्ये 2007 साली कोर्टाने ती बंदी रद्दच ठरवली आणि सांगितलं की बाईला सुरक्षित ठेवायचं म्हणून तिची नोकरी काढून घेणं हा उपाय नव्हे, काम सुरक्षित करा. तुमच्याकडे ते कसं होईल? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात बायकांची नेहमीची वेळ सकाळी 7 ते रात्री साडेनऊ धरलीय, त्यापुढे थांबायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची सोय मालकाने करायची (हा कायदा तुमच्या 14 माणसांना लागू होतो का ते मात्र विचारून घ्या). मग सकाळच्या नाश्त्याची, दुपारच्या जेवणाची सर्व्हिस बायका करूच शकतात की, तिथे परमिट रूमचा काय संबंध? सगळ्या सर्व्हिसला ‘मुलगे’ लिहून तुम्ही दिवसाचं कामही बंद करून टाकलंत. आणि तुमच्याकडे 14 माणसं असतात म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीही हवी, 10 किंवा जास्त माणसं असली की लागतेच. ती नेमा आणि जाहिरातीत एका ओळीत लिहा, मुलीच्या आईला ‘कुटुंबासारखं वातावरण’ या शब्दांपेक्षा ती ओळ जास्त पटेल. बाकी कुठला नियम किती माणसांना लागू होतो ते एकदा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

आता ‘आपल्या समाजातील असल्यास प्राधान्य’. पुतणीने सगळ्यांसमोर विचारलं म्हणून तुम्हाला राग आला पण प्रश्नाचं उत्तर तुम्ही पत्रातही दिलं नाहीये, बाकी सगळं समजावलंत आणि हे एवढंच सोडलंत. आचाऱ्याच्या हाताला चव हवी, हात स्वच्छ हवेत, आंबोळी, सोलकढी, मोदक यायला हवेत, 40 ताटं एकदम लागली तर गडबडून जायला नको. यातलं कुठलं जातीने येतं? मी काउंटरला असताना ‘आपल्या समाजातील’ हे शब्द शेकडो वेळा मोजलेत आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी एकच होता, की बाकीच्यांनी चूल शिवू नये. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे दादा, बाबासाहेबांचं मूळ गाव, तुमच्यापासून फार लांब नाही. लॉजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला जात-धर्म विचारून अडवता येत नाही हे घटनेच्या 15 व्या कलमातच आहे, आणि अस्पृश्यता पाळून कोणाला नोकरीधंद्यापासून अडवणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी तुम्हाला कायद्याची भीती घालत नाहीये. मला खरंच वाटतं की ती ओळ तुम्ही विचार करून लिहिलेली नाही, वडील लिहायचे म्हणून लिहिलीत. पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार, त्याने ती वाचली आणि त्याच्या घरात पुन्हा एकदा तेच जुनं उत्तर आलं.

आणि ती ओळ काढली म्हणजे झालं असंही नाही. सुखदेव थोरात, आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ, त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास छापला. इंग्रजी पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव-आडनाव वेगळं. त्या जाहिरातींत जातीचा शब्दही नव्हता. तरी उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश निघालं आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. आपल्याकडे दाभोळपासून हर्णैपर्यंत कोकणी मुसलमानांची किती घरं आहेत, मासळीचं कालवण तुमच्या गिऱ्हाइकांनी बोटं चाटून खावं असं करणारे हात त्या घरांत आहेत. त्यांनी फोन केला आणि तुम्ही नाव ऐकून ‘जागा भरली’ म्हणालात तर जाहिरात कितीही सुधारली तरी फुकट. म्हणून एक करा, आचाऱ्याची निवड ताटावरून करा. जे येतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा, तोच बाजार द्या, तेवढाच वेळ द्या, जेवण बनवायला सांगा, त्या दिवसाचे पैसेही द्या, आणि चाखणाऱ्या चार जणांना कोणी काय बनवलंय ते आधी सांगू नका.

तसंच ते तामिळनाडूचं. 2024 मध्ये बातमी आलेली आठवत असेल, आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना घेत नव्हते अशी रॉयटर्सची बातमी, खूप गाजली. नंतर कंपनीने भरती करणाऱ्या एजंटांना सांगितलं की जाहिरातीतून वय, लिंग, लग्न हे सगळं काढा. शब्द काढले हे चांगलंच झालं, निदान वाचणारी फोन तरी करेल. पण फोन केल्यावर तिला पहिलाच प्रश्न ‘मिस्टर काय करतात, मुलं किती’ असा आला तर ती परत तिथेच. तुम्ही मुलाखतीला पाच प्रश्न कागदावर लिहून घ्या आणि आलेल्या प्रत्येकाला, बाई असो पुरुष असो, तेच पाच विचारा. पुरुषाला विचारणार नाही ते बाईलाही विचारायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

स्थानिक पोरं येत नाहीत याबद्दल थोडं बोलू दे कारण हे आपल्याकडे जो तो बोलतो, आंबा बागायतदार बोलतात, बोटवाले बोलतात, आणि मग नेपाळहून माणसं आणली की ती स्वस्तात राबतात याचं कौतुक करतात. ती माणसंही कोणाची तरी मुलंच आहेत, त्यांनाही पगाराचा आकडा आधी कळला पाहिजे. ‘पगार समक्ष’ वाचून कोण येतं सांगू? ज्याला बाहेरून कोणाकडून तरी आकडा कळलेला असतो तो, नाहीतर ज्याच्यापुढे दुसरा काही इलाजच नाही तो. हेदवीहून एखादी बाई एसटीचं भाडं घालून, अर्धा दिवस मोडून समक्ष आकडा ऐकायला येणार नाही. आणि ‘रात्रंदिवस राबण्याची तयारी’ हे वाचून मला तरी असं वाटलं की इथे सुट्टीच नाही. तुम्हाला मेहनती म्हणायचं होतं, हो ना? मग वेळ लिहा, सुट्टीचा वार लिहा, जेवण देता का, राहायची सोय आहे का ते लिहा. गणपतीचंही स्पष्ट लिहा. कोकणात गणपतीला सुट्टी नाही हे आधी न सांगता ठेवलेला माणूस चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोबाईल बंद करून जातोच, आणि मग आपण म्हणतो स्थानिक भरवशाचे नाहीत. दीड दिवसाचा ज्यांच्याकडे आहे ते नंतर येतील, ज्यांच्याकडे पाच दिवसांचा आहे ते वेगळे, आधीच वाटून घ्या, होतं सगळं.

भाषेचंही एक आहे जे आपल्या मराठीत जास्तच अडतं. आपल्याकडे क्रियापदालाही लिंग आहे, ‘काम करणारा पाहिजे’ म्हटलं की तिथेच बाई बाहेर गेली, कोणी मुद्दाम काढलं नाही तरी. 2011 मध्ये गॉशर, फ्रीजन आणि के या तिघांचा एक अभ्यास आला, त्यात जाहिरातीत वर्चस्व, स्पर्धा, नेतृत्व असले पुरुषी समजले जाणारे शब्द भरले की बायकांना ती नोकरी कमी आवडायची, आणि गंमत म्हणजे त्यांना आपल्याला हे काम जमणार नाही असं वाटत नव्हतं, ती जागा आपली नाही असं वाटत होतं. वहिनीला हिशोब येत नव्हता का? येत होता. ती जागा आपली नाही असं तिला वाटलं. म्हणून अनेकवचन वापरा, ‘करणारे’, ‘येणारे’, ‘इच्छुकांनी’, आणि तेवढ्यावरही थांबू नका, सरळ लिहा की बायका, पुरुष कोणीही फोन करा. इतकी वर्षं नको नको वाचलेल्या माणसाला नुसतं गप्प राहून हो कळत नाही, मोठ्याने बोलवावं लागतं. ते 25 आणि 45 टक्के आठवा.

तर मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं, यात आकडे तुमचे घाला: ‘वेळणेश्वर रस्त्यावरच्या 12 खोल्यांच्या लॉजला मे महिन्यापासून माणसं हवीत. फ्रंट डेस्क, 1 जागा: बुकिंग लिहिणं, बिल करणं, फोन घेणं, पाहुण्यांशी मराठी-हिंदीत नीट बोलणं, कामापुरतं इंग्रजी, नसेल तर शिकवू. वेळ 8 ते 5. सर्व्हिस, दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगळी, कोणती हवी ते सांगा. स्वयंपाकघर, 1 आचारी व 2 मदतनीस, निवड जेवण करून दाखवून, त्या दिवसाचे पैसे मिळतील. पगार इतका ते इतका, जेवण धरून, आठवड्याला एक सुट्टी, गणपतीच्या सुट्ट्या वाटून. बायका, पुरुष, लग्न झालेले, न झालेले, मध्ये काही वर्षं काम सुटलेले, सगळ्यांनी फोन करा. वयाची, जातीची, धर्माची अट नाही, फक्त 18 पूर्ण हवं. तक्रार समिती आहे. फोटो पाठवू नये. फोन सकाळी 10 ते 1, मालक किंवा मालकीणबाई स्वतः घेतील.’ पेपरला शब्दांचे पैसे जास्त पडतील, पडू देत. आणि फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर राहू नका, ते ग्रुप बहुतेक पुरुषांचेच असतात. बचत गटाच्या बायकांना सांगा, अंगणवाडीच्या ताईंना सांगा, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात स्वतः जाऊन कागद लावा, एसटी स्टँडवर लावा, सरकारच्या महास्वयम पोर्टलवर टाका.

दादा, वहिनीला मात्र जाहिरात येईपर्यंत थांबवू नका. तिला फोन करा पण ‘मला माहीत असतं तर’ असं म्हणू नका, ती जाहिरात तुम्हीच लिहिलेली. माझं चुकलं म्हणा. नात्यातली म्हणून पगार कमी सांगू नका, ठाण्याच्या मुलीला जो देत होतात तोच तरी सांगा, आठ वर्षांचा अनुभव आहे म्हणजे खरं तर जास्तच व्हायला हवा. आणि इतरांसारखे तेच पाच प्रश्न तिलाही विचारा, म्हणजे उद्या कोणी तिला मालकाची नातेवाईक म्हणून घेतली असं म्हणायला नको. वेळ ठरवायच्या आधी तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते गुहागर डेपोत विचारून घ्या, पाचला सुट्टी देऊन गाडी पावणेपाचची असली तर पहिल्याच आठवड्यात तिला परत घरी बसावं लागेल.